ओटा बांधण्याआधी खडू हातात घ्या

नकाशात सगळंच ऐसपैस दिसतं. म्हणून ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज यांच्या जागा आधी जमिनीवर खडूने आखा आणि रिकामं पातेलं घेऊन स्वयंपाकाचं नाटक करून बघा (घरचे हसतील, हसू द्या). फ्रिजचं दार उघडलं की समोरचा ड्रॉवर अडतो का, ते तिथेच कळतं. सिंक आणि शेगडीच्या मधे निदान 2 फूट मोकळा ओटा हवाच. चिरणं, मळणं, गरम भांडं उतरवणं, सगळं तिथेच होतं. समोरासमोर ओटे असतील तर मधे साडेतीन-चार फूट सोडा. उंची मात्र रोज स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगाने ठरवा: सरळ उभं राहून हात काटकोनात वाकवा, कोपराच्या 4 ते 6 इंच खाली ओटा. प्लग पॉइंट सिंकपासून लांबच.