बांगड्याचा भाव मेमरीत: स्वतःचा की-व्हॅल्यू सर्व्हर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर लिलाव सुरू झाला की बांगड्याचा, सुरमईचा भाव बघता बघता बदलतो. माशाचं नाव (की) दिलं की शेवटचा भाव (व्हॅल्यू) लगेच मिळावा, एवढंच काम करणारा सर्व्हर पायथनमध्ये हौसेने उभा करता येतो. २००९ साली आलेल्या रेडिस या की-व्हॅल्यू डेटाबेसचा गाभाही हाच: सगळा डेटा मेमरीत.

साठवायला साधी डिक्शनरी पुरते. सेट, गेट, डिलीट या तीन कमांड बस झाल्या. असिंकआयओ (एकाच थ्रेडमध्ये अनेक क्लायंट सांभाळणारी पायथनची लायब्ररी) वापरा, पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) आणि पोर्ट ७३७९ ठेवा. ६३७९ रेडिसचा आहे. थ्रेड एकच असल्यामुळे लॉक लागत नाही. मात्र डिक्शनरीतून वाचणं आणि त्यावरून ती बदलणं यांच्या मध्ये अवेट येऊ देऊ नका: अवेटवर थांबलं की मध्येच दुसऱ्या क्लायंटचं काम घुसू शकतं.

खरी मेहनत बाइट वाचण्यात आहे. टीसीपी (नेटवर्कवर बाइट पोचवणारा प्रोटोकॉल) कमांड अखंड आणून देईल याची हमी नाही; कधी अर्धी येते, कधी दोन चिकटून येतात. एकाच मशीनवर हे सहसा दिसत नाही, म्हणून चूक लपून राहते. त्यासाठी पहिल्या ओळीत शब्दांची संख्या पाठवा, मग प्रत्येक शब्दासाठी एका ओळीत लांबी आणि पाठोपाठ तेवढेच बाइट. वाचताना असिंकआयओची दोन फंक्शन वापरा: ओळीसाठी रीडलाइन, मजकुरासाठी रीडएक्झॅक्टली.

आणि लांबी मोजायची ती बाइटांत. ‘बांगडा’ डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पायथनचं लेन सहा सांगतं आणि यूटीएफ-८ मध्ये तो १८ बाइट भरतो. लांबी ६ पाठवलीत तर सर्व्हर नुसता ‘बा’ वाचेल, उरलेल्या १२ बाइटांना पुढची लांबी समजेल आणि तिथेच अडकेल. आधी एन्कोड (मजकुराचे बाइट करणं), मग लेन. लांबीला १ एमबीची मर्यादाही घाला, नाहीतर एखादा क्लायंट सगळी मेमरी खाऊन टाकेल.

भाव शिळा होतो, म्हणून किमतीसोबत मुदत संपण्याची वेळ ठेवा आणि गेटच्या वेळी तपासा. जे कोणी मागतच नाही ते पडून राहतं. दर सेकंदाला २० की रँडम उचला आणि त्यांतल्या मुदत संपलेल्या झाडून टाका.

आता पावसाळा. कोकणात वारा सुटला की लाईट जाते आणि मेमरीतलं सगळं पुसलं जातं. प्रत्येक बदल आधी फाइलच्या शेवटी लिहा, मग डिक्शनरीत, मग उत्तर द्या. फ्लशने मजकूर फक्त कर्नलपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत) जातो, डिस्कवर नेतो तो एफसिंक. दर बदलाला एफसिंक केला तर वेग पडतो. सेकंदाला एकदा केला तर साधारण शेवटच्या सेकंदाचा डेटा जाऊ शकतो. भावांसाठी तेवढं चालतं. मुदत ‘३०० सेकंद’ अशी लिहू नका, घड्याळातली नेमकी वेळ लिहा. नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर शिळ्या भावाला नवं आयुष्य मिळतं.

सुरू होताना फाइल पहिल्यापासून चालवा. शेवटची नोंद अर्धवट सापडली तर फाइल तिथेच छाटा. नुसती वगळलीत तर पुढची नोंद तिला चिकटून दोन्ही बिघडतात.

तपासताना किल -९ (प्रोग्राम तडकाफडकी मारणारी कमांड) वर विसंबू नका: त्यात कर्नलकडे पोचलेलं शाबूत राहतं. सर्व्हर बंद करून फाइलचे शेवटचे पाच बाइट हाताने उडवा, पुन्हा सुरू करा, एक नवा सेट द्या, मग आणखी एकदा सुरू करून तो भाव मागा. मिळाला तर छाटणी बरोबर झाली.