सिंगल साइन-ऑन अडलं? आधी घड्याळ बघा

कीक्लोक (एकाच लॉगिनवर अनेक ॲप्समध्ये शिरू देणारा सर्व्हर) नवा कोरा बसवला, पासवर्ड बरोबर आहे, तरी ॲप आत घेत नाही आणि लॉगिनचं पान पुन्हा पुन्हा समोर येतंय? सर्टिफिकेट नि सेटिंग उलटंपालटं करण्याआधी दोन्ही सर्व्हरची वेळ बघा: लॉगिन देणाऱ्याची आणि ज्या ॲपमध्ये शिरायचंय त्याची. सॅमल म्हणजे लॉगिन झाल्याचं ॲपला कळवायची एक पद्धत; तिच्या उत्तरात 'या क्षणाआधी नाही, या क्षणानंतर नाही' अशी मुदत लिहिलेली असते. ॲपचं घड्याळ मागे असेल, तर आत्ता मिळालेला परवाना त्याला पुढच्या काळातला वाटतो आणि तो नाकारला जातो. कर्बेरॉस ही लॉगिनची दुसरी पद्धत सहसा ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो; सॅमलची काही ॲप्स तेवढीही सवलत देत नाहीत.

आपल्याकडची खास चूक म्हणजे सर्व्हरचा टाइमझोन यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) राहतो आणि कुणीतरी हाताने भारतीय वेळ टाकतं. भिंतीवरच्या घड्याळाशी आकडे जुळतात, पण सर्व्हर खरं तर साडेपाच तास पुढे गेलेला असतो. (मीही हे केलंय, आणि अख्खी दुपार लॉग वाचण्यात घालवलीय.) म्हणून तुलना दोन्हीकडच्या यूटीसी वेळेची करा आणि क्रोनी (घड्याळ आपोआप जुळवत राहणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. थांबवून पुन्हा सुरू केलेली व्हर्च्युअल मशीन बरेचदा मागे पडलेली असते.

वेळ जुळूनही रिडायरेक्टचा (लॉगिननंतर ॲपकडे परत पाठवायचा) पत्ता चुकीचा असल्याची तक्रार आली, तर तो अक्षर न अक्षर ताडून बघा: एचटीटीपी की एचटीटीपीएस, पोर्ट, शेवटची तिरकी रेघ. कीक्लोकच्या पुढ्यात एनजिनएक्स (विनंत्या आधी घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर) असेल, तर मूळ प्रोटोकॉल सांगणारा हेडर तो कीक्लोकपर्यंत पोचवतोय ना, हेही.