पोरगं चुकतंय की पार्ट? बँडच्या नोटेशनमधल्या छापील चुका शोधणं आणि दुरुस्त करणं

मालवणातल्या आमच्या शाळेच्या बँडला वाजवायला मिळतात ते मार्च, म्हणजे संचलनाच्या धुना, बहुतेक जुनेच. कुणाच्या तरी झेरॉक्सची झेरॉक्स, इंटरनेटवरून उतरवलेलं स्कॅन, नाहीतर एखाद्या निवृत्त बँडवाल्याने ट्रंकेसकट देऊन टाकलेले पार्ट, म्हणजे एकेका वाद्यासाठी वेगळे लिहिलेले कागद. मी स्वतः पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालो आणि आता या पोरांच्या तावडीत आहे. अशा कागदांत चुका असणारच, पण चांगल्या नव्या छपाईतही त्या असतात. पर्सी ग्रेंजरची ‘लिंकनशायर पोझी’ ही १९३७ ची रचना बँडच्या दुनियेत मानाची समजली जाते. तिचे चुकांनी भरलेले पार्ट बँडवाले वर्षानुवर्षं वाजवत होते. अमेरिकन बँड कंडक्टर फ्रेडरिक फेनेल यांनी त्या चुका निपटून शुद्ध केलेला पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लेखन, १९८७ मध्ये आला. तेव्हा आपल्या ट्रंकेतल्या मार्चला कमी लेखू नका.

सरावात काही खटकलं की आपण आधी पोराकडे डोळे वटारून बघतो. त्याऐवजी तो बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा, त्याला एकट्याला हळू वाजवायला लावा. मग तोच कागद शेजारच्या पोराला द्या. दोघांकडूनही तोच खटकणारा सूर आला तर दोष कागदाचा असण्याचीच शक्यता जास्त. मात्र वाद्य आणि पार्ट जुळतात ना, हे आधी बघा, कारण लिहिलेला सूर प्रत्येक वाद्यावर तोच ऐकू येतो असं नाही. (ए ते जी ही सुरांची नावं; फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली, शार्प म्हणजे अर्धा वर, नॅचरल म्हणजे मूळ सूर.) जुन्या मार्चमध्ये हॉर्नचे पार्ट ई फ्लॅटचे असतात. तो पार्ट एफ हॉर्नवर जसाच्या तसा वाजवला तर सगळं एक सूर वर जातं. ती छपाईची चूक नव्हे, एक सूर खाली वाचायचं. युफोनियमचेही दोन पार्ट येतात, एक बास क्लेफचा (क्लेफ म्हणजे ओळीच्या सुरुवातीची, सूर कुठे वाचायचे ते सांगणारी खूण) आणि एक ट्रेबलचा, आणि भलत्याच्या हातात भलता गेला की गोंधळ. जर्मन छपाईत ‘बी’ म्हणजे आपला बी फ्लॅट, आणि बी नॅचरलला ते ‘एच’ म्हणतात. वरवर चुकीसारख्या दिसणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याच इथेच निकालात निघतात.

पुढची पायरी खास आपल्या किनाऱ्याची. पावसाळ्यात इथल्या कागदाला बुरशीचे बारीक काळे ठिपके येतात, आणि झेरॉक्स मशीन ते ठिपके इमानदारीने छापतं. मग पोरं एखादा सूर उगाच तोडून वाजवतात, कारण त्यांना तिथे स्टॅकाटो दिसतो. स्टॅकाटोचा ठिपका नोटेच्या डोक्याच्या बरोबर वर किंवा खाली असतो, सहसा दांडीच्या विरुद्ध बाजूला. मात्रा वाढवणारा ठिपका डोक्याच्या उजवीकडे आणि नेहमी दोन रेघांच्या मधल्या जागेत येतो. बुरशीला असली शिस्त नसते, ती रेघेवरही बसते आणि दांडीलाही चिकटते. उलटही घडतं. झेरॉक्समध्ये खरा ठिपका उडतो, किंवा दोन मात्रांचं पोकळ मिनिम भरून निघून एका मात्रेचं क्रॉचेट दिसायला लागतं. मूळ कागद हाताशी असेल तर तो उजेडात तिरका धरून बघा. छापलेली शाई सपाट दिसते आणि बुरशी किंचित उठून दिसते.

आता मोजणी. पार्ट हातात आला की आधी सगळ्या वाद्यांच्या पार्टांवर पेन्सिलने बारांचे आकडे टाकायचे. फर्स्ट एंडिंग आणि सेकंड एंडिंग (तोच भाग दोनदा वाजवताना येणारे दोन वेगळे शेवट) सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायची, नाहीतर तिथूनच फाटाफूट. मग प्रत्येक रिहर्सल लेटरखालचा, म्हणजे सरावासाठी छापलेल्या ए, बी, सी अक्षरांखालचा, आकडा जुळवायचा. बी हे अक्षर बाकी सगळ्यांकडे ३३ व्या बारावर आणि बास ड्रमकडे ३२ व्यावर आलं, तर त्याच्या लांब रेस्टचा, म्हणजे गप्प राहायच्या बारांचा, आकडा एकाने चुकलाय. तालवाद्यांच्या पार्टात ही चूक फार सापडते, आणि ती कळते कधी, तर परेडमध्ये झांज एक बार आधी वाजते तेव्हा.

त्यानंतर शंका येईल त्या बारातल्या मात्रा मोजा. समजा चार मात्रांच्या तालात तिसऱ्या ट्रम्पेटला डॉटेड क्रॉचेट (दीड मात्रा), क्वेव्हर (अर्धी) आणि क्रॉचेट (एक) एवढंच छापलंय. बेरीज तीन, एक मात्रा गेली कुठे? शेवटचा रेस्ट गळला असेल, सुरुवातीचा गळला असेल, किंवा ते शेवटचं क्रॉचेट मुळात मिनिम असेल. अंदाजाने रेस्ट टाकू नका. दुसऱ्या ट्रम्पेटचा तोच बार बघा, आणि हीच चाल मार्चमध्ये परत जिथे येते तिथला बारही बघा. दोन्ही ठिकाणी शेवटी मिनिम असेल तर प्रश्न मिटला. उचल असलेल्या, म्हणजे पहिल्या पूर्ण बाराआधीच सुरू होणाऱ्या, मार्चचा शेवटचा बार मात्र अपुरा असणारच, तो ‘पुरा’ करायला जाऊ नका.

मग पानाच्या डाव्या कडेने खाली या. की सिग्नेचरची, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला छापलेल्या शार्प-फ्लॅटची, चूक सगळ्यात घातक, कारण ती अख्खी ओळ खराब करते. तोंडी हिशेब असा: खरा सूर म्हणजे कॉन्सर्ट पिच धरून जितके फ्लॅट असतील, त्यांतून बी फ्लॅट वाद्यांना दोन कमी, ई फ्लॅट वाद्यांना तीन कमी, एफ हॉर्नला एक कमी. फ्लॅट संपले की उरलेले शार्प म्हणून लिहायचे. बी फ्लॅट मेजरच्या मार्चला दोन फ्लॅट. म्हणजे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटला काहीच नाही, आल्टो सॅक्सोफोनला एक शार्प, हॉर्नला एक फ्लॅट. ट्रायो, म्हणजे मार्चचा पुढचा वेगळ्या चालीचा भाग, बहुधा ई फ्लॅटमध्ये जातो, म्हणजे तीन फ्लॅट. तिथे क्लॅरिनेटला एक फ्लॅट, आल्टोला काहीच नाही, हॉर्नला दोन. ट्रायोच्या सुरुवातीला क्लॅरिनेटचा तो एकुलता एक फ्लॅट छापायचा राहिला की तिसरी क्लॅरिनेट अख्खा ट्रायो बी नॅचरल वाजवत बसते, आणि मास्तर तिच्या रीडला दोष देत राहतो.

एका जागेची चौकशी सविस्तर सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. बी फ्लॅटच्या मार्चमध्ये ट्रायोच्या आधीच्या बारात बी फ्लॅट सेव्हन्थचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, येतो: बी फ्लॅट, डी, एफ आणि ए फ्लॅट. या ए फ्लॅटवरच ट्रायोचं दार उघडतं. आमच्याकडे तिथे खरखर यायची. माझ्या बँडातलं एक पोर डबलबारी भजनवाल्यांच्या घरातलं आहे, त्याचा कान पेटीवर तयार झालेला. ते म्हणालं, ‘‘सर, हय काळी चार व्हयी. ह्यो पांढरी सहा वाजयता.’’ काळी चार म्हणजे ए फ्लॅट, पांढरी सहा म्हणजे ए नॅचरल. पेटीवर दोन्ही एकदम दाबून बघा, तीच खरखर ऐकू येईल. पेटी बँडच्या ट्यूनिंगशी जुळलेली असेलच असं नाही, पण इथे दोन सुरांमधलं अंतर बघायचंय, तेवढ्याला ती पुरते.

आता ए नॅचरल कोण वाजवतंय? दुसरा आल्टो. त्याच्या पार्टात एफ छापलाय, बाजूला काही खूण नाही. पण त्याच्या की सिग्नेचरमध्ये एफ शार्प आहे, म्हणून तो एफ शार्पच वाजवतो आणि ऐकू येतो ए. त्याला एफ नॅचरल हवा होता, तर ए फ्लॅट आला असता. कानाने संशयित दाखवला, पण एवढ्यावर कागदावर पेन्सिल टेकवायची नाही. साक्षीदार शोधायचे. पहिल्या हॉर्नकडे त्याच मात्रेला ई, आणि त्यापुढे फ्लॅटची खूण. हा पार्ट एफ हॉर्नचा, त्याचा ई फ्लॅट म्हणजे ऐकू येणारा ए फ्लॅट. दुसऱ्या क्लॅरिनेटकडे बी फ्लॅट, म्हणजे तोही ए फ्लॅट. कंडेन्स्ड स्कोअरमध्येही, म्हणजे थोड्या ओळींत आवरलेल्या स्कोअरमध्येही, मधल्या आवाजाला फ्लॅटची खूण स्पष्ट आहे. तीन साक्षी झाल्या, नॅचरलची खूण गळली हे सिद्ध. माझा नियम असा की स्कोअर धरून निदान दोन साक्षी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. आणि स्कोअर एकटाच वेगळं म्हणत असेल तर त्याच्यावरही संशय घ्या, कारण स्कोअरसुद्धा छापलेलाच असतो. जुन्या मार्चना तर पूर्ण स्कोअर नसतोच. कंडेन्स्ड, नाहीतर नुसता सोलो कॉर्नेटचा पार्ट हातात घेऊन बँडमास्तर उभा असतो.

ॲक्सिडेंटलचे, म्हणजे सुराआधी छापलेल्या शार्प, फ्लॅट, नॅचरलच्या खुणेचे, दोन नियम पोरांकडून घोकून घ्या, म्हणजे खोट्या तक्रारी कमी होतात. खूण त्या बारापुरती आणि त्याच सप्तकातल्या सुरापुरती. आणि सूर टाय होऊन (कमानीने जोडला जाऊन) पुढच्या बारात गेला तर खूण टायपुरती सोबत जाते, पण त्या पुढच्या बारात तोच सूर पुन्हा नव्याने आला तर जात नाही. टाय ओळीच्या शेवटी तुटून पुढच्या ओळीवर गेलेला असतो तिथे छापणारेही चकतात, तेव्हा ओळींची टोकं मुद्दाम तपासा.

कानावर पूर्ण भरवसा का नको, तर संगीतकाराने खरखर मुद्दाम ठेवलेली असू शकते. कॉर्डमध्ये ए फ्लॅट चालू असताना क्लॅरिनेट पळतापळता ए नॅचरलवरून बी फ्लॅटवर चढली तर त्यात काही बिघडलेलं नाही, तो वाटेतला सूर आहे. मात्रांची बेरीजही सगळीकडे चालत नाही. वर सांगितलेल्या ग्रेंजरच्या रचनेत काही जागी तालाला ठराविक मात्राच नाहीत, कंडक्टर हाताने दाखवेल तसं वाजवायचं. तिथे बेरीज करून ‘दुरुस्ती’ करणाऱ्याने रचनेचा जीवच काढला असता. पुरावा अर्धवट असेल तर सुराच्या वर पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाका आणि छापलंय तसंच वाजवा.

पी (हळू) आणि एफ (जोरात) या खुणा, हेअरपिन (आवाज वाढवण्या-कमी करण्याची खूण), स्लर (सूर जोडून वाजवायची कमान) यांच्या चुका ढीगभर असतात. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप नको. सेक्शनमधल्या बहुमताने ठरवा आणि पुढे चला.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. टू-बी पेन्सिल आणि चांगलं रबर, बस्स. लाल पेन नको. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली लाल रंग मंदावतो, आणि चुकलं तर खोडता येत नाही. व्हाइटनर आपल्या हवेत पापुद्रा धरतो, आणि चार महिन्यांनी पोर ट्रम्पेटची घाण काढतं तसा नखाने तो काढत बसतं. खूण नेमकी सुराच्या डाव्या बाजूला, त्याच रेघेवर किंवा जागेत काढा. नॅचरलचा चौकोन एफच्या रेघेवर बसला पाहिजे, वर जीवर सरकला तर नवी चूक तयार झाली. दुरुस्त जागेभोवती मोठं वर्तुळ काढायची सवय पुष्कळांना असते, मला ती आवडत नाही. वर्तुळ दिसलं की पोर घाबरतं आणि आधीचाच सूर चुकवतं. समासात छोटी रेघ पुरे.

एकच बार पूर्ण बदलायचा असेल तर स्टाफच्या (पाच रेघांच्या) कोऱ्या कागदाची पट्टी कापून चिकटवा. गोंद अगदी पातळ लावा, नाहीतर पावसात पान पोफळीच्या विरीसारखं गुंडाळतं. पानच गेलेलं असेल तर म्यूझस्कोअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पार्ट नव्याने उतरवता येतो. त्यात कॉन्सर्ट पिचचं बटण दाबलं की सगळी वाद्यं खऱ्या सुरात दिसतात आणि वरचा ए फ्लॅटचा शोध दोन मिनिटांत लागतो. एक सावधगिरी बाळगा. बारात सूर कमी भरले तर उरलेल्या जागेत ते रेस्ट तसेच ठेवतं, त्यामुळे तीन मात्रांची चूक चार मात्रांचं सोंग घेऊन लपते. छापताना लेझर प्रिंटर वापरा. इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्याच्या एका थेंबाने पसरते, आणि पंधरा ऑगस्टच्या परेडला आपल्याकडे एक थेंब म्हणजे चैन.

नव्याने उतरवलेले पार्ट दुसऱ्या बँडला वाटण्याआधी कॉपीराइट बघा. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. अमेरिकन मार्चकार सूझा १९३२ मध्ये गेले, ‘कर्नल बोगी’वाले ॲल्फर्ड १९४५ मध्ये, तेव्हा त्यांच्या मूळ मार्चना अडचण नाही. पण कुणी अलीकडे नव्याने बांधलेली अरेंजमेंट असेल तर तिचा हक्क वेगळा. आपण विकत घेतलेल्या पार्टावर आपल्यापुरती पेन्सिलची खूण करायला कुणाची हरकत नसते.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक मार्चला एक पान. आमच्या वहीतली नोंद अशी असते: ‘बार ६४, दुसरा आल्टो, तिसरी मात्रा. छापलं: एफ, खूण नाही. हवं: एफ नॅचरल. पुरावा: पहिला हॉर्न, दुसरं क्लॅरिनेट, स्कोअर.’ खाली तारीख आणि सही. पानाच्या वर प्रकाशकाचं नाव आणि पार्टाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो तो प्लेट नंबर लिहायचा, कारण त्याच मार्चच्या दुसऱ्या छपाईत ही चूक नसेल आणि वेगळीच असेल. प्रकाशक अजून धंद्यात असेल तर हेच पान टाईप करून त्याला ईमेलने पाठवा. दुरुस्ती झाल्यावर त्या पार्टांची नवी झेरॉक्स काढून पोरांना द्या, जुन्या झेरॉक्स फाडून टाका, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत वरच्या कप्प्यात ठेवा. खालच्या कप्प्यात कसर लागते.