मध्यरात्रीचं स्वगत लिहिताय? एकाच अशक्य गोष्टीवर थांबा

रेडिओवरच्या, रात्री उशिराच्या विक्षिप्त स्वगताचे पहिले चार-पाच भाग बहुतेकांचे एकाच ठिकाणी फसतात. माइकवर नाही, आवाजावरही नाही. संहितेत दुसरी अशक्य गोष्ट शिरते, तिथे.

हे नीट समजून घ्या. समजा, तुमच्या स्वगतात जिन्यात रोज रात्री एक पायरी वाढते. हे श्रोता पहिल्या मिनिटात मान्य करतो. मग त्याला हिशेब हवा असतो. काल 18 होत्या, आज 19. जिना झाडणारा जादा पैसे मागतो. पोस्टमन पत्रं खालीच ठेवून जातो. कठडा मात्र वाढत नाही, त्यामुळे वरच्या पायऱ्यांवर धरायला काही नाही. इथवर श्रोता तुमच्यासोबत आहे. आता बोलणारं मांजर आणलंत की तो सुटला. काहीही घडू शकतं म्हटल्यावर पुढे काय घडेल याची काळजी कोण करणार? वाचक पान उलटून मागे जातो. अंधारात पडून ऐकणाऱ्याच्या हातात तेवढा एकच धागा असतो. दुसरं अशक्य सापडलं की कापा, कितीही लाडकं असो. वेगळ्या भागाला उपयोगी पडेल.

आवाज कमावलेला लागत नाही. खर्ज लावायला शिकवणाऱ्या गुरूंपासून लांबच राहा, आणि रीव्हर्बने (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टने) गूढपणा येतो हेही विसरा. जिन्याची तक्रार अर्जात लिहावी तशी वाचायची. अमेरिकेत रेडिओ-कलाकार जो फ्रँक यांनी 1986 पासून सांता मोनिकाच्या केसीआरडब्ल्यू या रेडिओ केंद्रावर जे केलं ते ऐका: शांत, कानाशी बोलणारा आवाज आणि खाली फिरत राहणारा संगीताचा तुकडा.

वेग मिनिटाला 100 शब्दांच्या आसपास ठेवा. 27 मिनिटांच्या भागाला 2,500 ते 2,700 शब्द पुरतात. माइक 10 ते 15 सेंटिमीटरवर, तोंडासमोर न धरता जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. रेकॉर्डिंगच्या मीटरवर पातळी उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. त्याच खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा आणि एडिट करताना विरामांत तीच भरा. कोरी शांतता टाकलीत तर रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं.

संगीत आवाजापेक्षा 18 ते 20 डेसिबल खाली, शब्दांशिवाय, लक्षात राहील अशी चाल नसलेलं. घरी सुरेख वाटलेलं मिश्रण प्रसारणात बिघडलं तर घाबरू नका, ते सगळ्यांचंच बिघडतं. तुम्ही थांबलात की केंद्राचा प्रोसेसर (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारं यंत्र) आवाज कमी झाला असं समजून संगीतच वर उचलतो. म्हणून विरामात संगीत आणखी थोडं उतरवा, पण पूर्ण बंद करू नका. बऱ्याच केंद्रांवर शांतता ओळखणारं यंत्र असतं. ठरलेले सेकंद उलटले की ते राखीव कार्यक्रम सुरू करतं. ते सेकंद किती, हे इंजिनिअरला रेकॉर्डिंगच्या आधीच विचारून घ्या.