जुना पीसी बॅकअपला लावला, पण एका सेलने दमवलं

धूळ खात पडलेला डेस्कटॉप काढला, ४ जीबी रॅम, म्हटलं बॅकअपला बास झाली. ओपनमीडियाव्हॉल्ट (पीसीला घरचा फाईल सर्व्हर बनवणारी सिस्टिम) टाकलं, सांबा शेअर (नेटवर्कवरून उघडता येणारं फोल्डर) केला, फोटो जायला पण लागले. मग मॉनिटर कीबोर्ड काढून कोपऱ्यात ठेवला आणि तिथेच गंमत झाली, लाईट जाऊन आली की फॅन गरगर फिरायचा पण नेटवर्कवर काही दिसेना. दोन दिवस उगाच राउटरला शिव्या घातल्या. शेवटी मॉनिटर जोडला तर बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) एफ१ दाबायची वाट बघत बसलेलं, तारीख २००९ ची! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, लाईट नसताना तारीख आणि सेटिंग सांभाळणारा, तोच मेलेला. नवा टाकला, तारीख लावली, झालं.

आणि हो, दोन डिस्क मिरर (एकीवर जे होईल ते लगेच दुसरीवर) करू नका बॅकअप म्हणून, चुकून उडवलेली फाईल दोन्हीकडून जाते, मी दुसरीवर रोज रात्री आरसिंक (फाईली कॉपी करणारा प्रोग्राम) लावलाय, डिलीटचा ऑप्शन न देता, म्हणजे इकडे उडालेली फाईल तिकडे राहते.