ग्रीन कार्डच्या प्रतीक्षेत : कामाचा परवाना आणि ओळखीची कागदपत्रे कशी मिळवावीत

नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत आणि ऐरोलीपासून खारघरपर्यंत, ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी एच-१बी या कामाच्या व्हिसावर अमेरिकेत गेली आहे, त्या घरात ‘ग्रीन कार्डचे कुठवर आले?’ हा प्रश्न दर सणाला विचारला जातो. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे, म्हणजे तिथे कायम राहण्याचे परवाने, वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि त्यांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा ७ टक्क्यांवर जाऊ नये, असा तिथला कायदा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. या वर्षांत नोकरी, बँक, वाहन परवाना आणि मायदेशी येणे-जाणे हे सारे कोणत्या ना कोणत्या कागदावर अवलंबून असते. माझ्या मुलीच्या अर्जासाठी ठाण्यातून कागदपत्रे जमवण्याचे काम माझ्याकडे होते आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली : या प्रवासातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो, म्हणून पहिला कागद निर्दोष असावा लागतो.

पहिला कागद म्हणजे जन्माचा दाखला. ग्रीन कार्डचा मुख्य अर्ज, म्हणजे आय-४८५, भरताना तो जोडावा लागतो. जन्माची नोंद राहत्या गावी होत नाही, ती जिथे जन्म झाला त्या ठिकाणी होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे, सारे आयुष्य ठाण्यात गेलेल्या माणसाची नोंद साताऱ्याच्या नगरपालिकेत किंवा कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत असू शकते. जन्म ठाण्यातच झाला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे किंवा संबंधित प्रभाग समितीच्या कार्यालयात चौकशी करावी. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली, त्यामुळे त्याआधीची नोंद नगरपालिकेच्या जुन्या रजिस्टरात शोधण्यास सांगावे लागते. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. तिथल्या मूळ गावांत त्यापूर्वी जन्मलेल्यांनी जुन्या ग्रामपंचायतीच्या दप्तराचा माग काढावा. मुले परदेशी असतील तर त्यांच्या सहीचे अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी, म्हणजे आई-वडिलांना किंवा भावंडांना त्यांच्या वतीने अर्ज करणे सोपे जाते.

दाखला हाती आला की तो तिथल्या तिथे वाचावा. जुन्या नोंदींत बाळाचे नाव नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि वडिलांचे नाव असते, कारण बारसे होण्यापूर्वीच रुग्णालयाने नोंद पाठवलेली असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ नुसार नाव नंतर समाविष्ट करता येते, आणि ते काम अमेरिकेतला अर्ज जाण्यापूर्वीच उरकावे. आईचे नाव, वडिलांचे आडनाव, जन्मतारीख आणि जन्मगाव या चार गोष्टी पासपोर्टशी ताडून पाहाव्यात. नोंदच सापडली नाही, तर नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र त्याच कार्यालयाकडून घ्यावे. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. आई, मामा किंवा मावशी यांच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःचे वय, अर्जदाराशी असलेले नाते, जन्माचे ठिकाण आणि ही माहिती आपल्याला कशी ठाऊक आहे, हे सारे स्पष्ट लिहिलेले असावे. मोघम दोन ओळींचे प्रतिज्ञापत्र उपयोगी पडत नाही.

दाखला केवळ मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, शिक्क्यावरच्या मजकुरासह. भाषांतरकाराने ‘हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात’ असे सहीनिशी लिहून द्यायचे असते. अमेरिकेच्या नियमात त्यासाठी नोटरीची अट नाही. तारखांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण आपण आधी दिवस लिहितो आणि अमेरिकेत आधी महिना लिहितात. भाषांतरात महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की गोंधळ उरत नाही.

दुसरी अडचण नावाची. आपल्या नावात मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, आणि लग्नानंतर मुलीचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलण्याची प्रथा अजून टिकून आहे. पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, पासपोर्ट सासरच्या नावाचे आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही नावे, अशी स्थिती असेल तर ‘पूर्वी वापरलेली नावे’ या रकान्यात प्रत्येक नाव लिहावे. एखादे नाव लपवण्याइतकेच ते विसरणेही त्रासाचे ठरते. पती किंवा पत्नीचा अर्ज जोडीदाराच्या अर्जावर अवलंबून असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राशिवाय तो पुढे जात नाही. नुसती लग्नपत्रिका आणि फोटो पुरत नाहीत.

आता कामाच्या परवान्याकडे वळू. त्याला रोजच्या बोलण्यात ‘ईएडी’ म्हणतात आणि तो आय-७६५ या अर्जाने मिळतो. प्रतीक्षेचे दोन टप्पे असतात आणि परवान्याचा मार्ग टप्प्याप्रमाणे बदलतो. पहिल्या टप्प्यात मालकाने कर्मचाऱ्यासाठी भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असतो, परंतु अमेरिकी सरकार दरमहा प्रसिद्ध करते त्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली प्राधान्य तारीख, म्हणजे रांगेतली आपली जागा ठरवणारी तारीख, आलेली नसते. या काळात मूळ अर्जदार एच-१बीवरच काम करतो. त्याच्या एच-४ व्हिसावरील पती किंवा पत्नीला मात्र मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार स्वतंत्र परवाना मागता येतो. दुसरा टप्पा ती तारीख आल्यावर दिलेला आय-४८५ स्वीकारला गेल्यावर सुरू होतो. त्यानंतर मूळ अर्जदार, जोडीदार आणि मुले या सर्वांना आपापला आय-७६५ भरता येतो. १ एप्रिल २०२४ पासून या अर्जाचे शुल्क आय-४८५ च्या शुल्कात धरले जात नाही, ते वेगळे भरावे लागते. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी अर्जांसोबत धनादेशही साधारणपणे स्वीकारले जात नाहीत, म्हणून कार्डाने किंवा अमेरिकेतील बँक खात्यातून भरणा करण्याची तयारी ठेवावी. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ हा अहवाल २ डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच द्यावा लागतो. ही तपासणी अमेरिकेतल्या नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, पण लसीकरणाच्या जुन्या नोंदी आपल्या घरच्या कपाटातूनच पाठवाव्या लागतात.

नूतनीकरणाबाबत मी सर्वांत जास्त आग्रहाने सांगेन, कारण येथे नियम अलीकडेच कडक झाले आहेत आणि जुन्या अनुभवावर विसंबून राहिलेल्यांची नोकरी थांबू शकते. आय-४८५ प्रलंबित असणाऱ्यांना २०२३ च्या सप्टेंबरपासून ५ वर्षांपर्यंतचा परवाना दिला जात होता. ५ डिसेंबर २०२५ पासून ती मुदत जास्तीत जास्त १८ महिन्यांवर आणण्यात आली. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दिला की जुना परवाना ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढलेला मानला जात असे. ३० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर दिलेल्या अर्जांना ही सवलत राहिलेली नाही. नवे कार्ड आले नाही आणि जुन्याची मुदत संपली, तर केवळ या परवान्यावर काम करणाऱ्याला त्या दिवसापासून काम थांबवावे लागते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून देता येतो. म्हणजे १८ महिन्यांचे कार्ड हाती आल्यावर साधारण वर्षभरातच पुढच्या अर्जाची तारीख येते. ती तारीख कार्ड आल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहावी आणि ती आली की शक्य तो त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. याच कारणासाठी, ज्यांचा एच-१बी चालू आहे त्यांनी तो सहजासहजी सोडू नये, असे माझे मत आहे. ईएडीवर काम सुरू केले की एच-१बीचा आधार सुटतो आणि जोडीदाराचा एच-४ सुद्धा त्याच्यासोबत जातो.

कार्ड आल्यावर नाव, जन्मतारीख आणि मुदत तपासावी. त्यानंतर ज्यांना नोकरी, कर आणि बँकेसाठी लागणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळालेला नाही, त्यांनी ईएडी आणि पासपोर्ट घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात एसएस-५ हा अर्ज द्यावा. एच-१बीवर असताना मिळालेला क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. कामाचा परवाना नसलेल्या जोडीदाराला हा क्रमांक साधारणपणे मिळत नाही. संयुक्त कर विवरणपत्रासाठी त्यांनी डब्ल्यू-७ अर्जाने आयटीआयएन हा करदात्याचा क्रमांक घ्यावा, पण तो ओळखपत्र नव्हे आणि कामाची परवानगीही नव्हे. वाहन परवाना राज्य सरकार देते. आय-४८५ प्रलंबित असणे हे रिअल आयडी, म्हणजे केंद्रीय नियमांप्रमाणे काढलेल्या ओळखपत्राच्या, परवान्यासाठी कायद्याने मान्य केलेले कारण आहे, आणि ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासात या नियमाची अंमलबजावणी होत असल्याने असा परवाना घेणे सोयीचे ठरते. परवान्याच्या कार्यालयात जाताना आय-४८५ ची पावती, ईएडी, पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे न्यावेत. अशा परवान्याची मुदत सहसा मर्यादित असते, म्हणून तीही तारीख लिहून ठेवावी.

आई-वडिलांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक विषय मायदेशी येण्याचा. आय-४८५ प्रलंबित असताना अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी देणारे पत्र, न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. वैध एच-१बी, एच-४ किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर परतणाऱ्यांना यातून सूट आहे. त्यामुळे अॅडव्हान्स पॅरोलचा आय-१३१ हा अर्ज आय-४८५ सोबतच द्यावा आणि हे पत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नये. घरात कोणी अत्यवस्थ असेल तर तातडीच्या पॅरोलसाठी स्थानिक कार्यालयाची भेट मागता येते. त्यासाठी ठाण्याच्या डॉक्टरांचे लेटरहेडवरचे, आजाराचे नाव आणि सध्याची अवस्था सांगणारे, तारीख व सही असलेले इंग्रजी पत्र त्याच दिवशी मिळवून पाठवावे. आपल्यापायी मुलांचा अर्ज मोडू नये आणि त्यांना आपल्यापर्यंत पोहोचताही यावे, एवढ्यासाठी डॉक्टरांचे हे पत्र कसे असते हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावे.

अमेरिकेत घर बदलल्यास १० दिवसांच्या आत एआर-११ या अर्जाद्वारे नवा पत्ता कळवावा आणि प्रलंबित असलेल्या प्रत्येक अर्जावर तो बदलला गेला आहे, याची खात्री करावी. कारण कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर येते.