गावात मोफत निसर्ग व्याख्यान कसे भरवावे

महाराष्ट्राला व्याख्यान ऐकायची सवय जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि आजही तालुक्याच्या कितीतरी गावांत वाचनालयाची नाहीतर एखाद्या मंडळाची व्याख्यानमाला चालते. तिथे इतिहास असतो, आरोग्य असते, अध्यात्म असते. गावाबाहेरच्या माळावर, तळ्यात, डोंगरात काय जगते आहे यासाठी मात्र वर्षाकाठी एखादी संध्याकाळ मिळाली तर मिळते, आणि तीही बहुधा ताडोबाच्या वाघांच्या फोटोंवर जाते. वाघ मोठाच विषय आहे. पण माणदेशातल्या मेंढपाळाच्या वाट्याला वाघ येत नाही, लांडगा येतो. त्याच्याशी लांडग्याबद्दल बोलायला कुणीतरी हवे.

पाच-सहा निसर्गवेडी माणसे एकत्र आली की हे काम सुरू करता येते. संस्थेची नोंदणी, लेटरहेड, पावतीपुस्तक या गोष्टी सावकाश होतील. सुरुवात पुढे दिलेल्या क्रमाने करा.

१. आधी विषय ठरवा

विषय निवडताना दोन प्रश्न विचारा. ही गोष्ट आपल्या गावातून चालत किंवा सायकलवर जाऊन दिसते का? आणि तिचे बरे-वाईट गावातल्या कोणाच्या हातात आहे?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण श्रोते कोण असावेत हे त्यावरून ठरते. गिधाडांचे उदाहरण घ्या. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि गिधाडे पटापट मेली. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. आता गिधाडांवरचे व्याख्यान शहरातल्या पक्षीप्रेमींपुढे केले तर टाळ्या मिळतील. तेच पशुवैद्यक, औषध दुकानदार आणि गुरे पाळणारे यांच्यासमोर केले तर गिधाडांचा काही फायदा होईल. म्हणून अशा विषयाला दूध संस्थेचे सभागृह मागा.

ऋतूही तुमच्या बाजूने घ्या. मेअखेरीस काजवे आणि साप. जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे, रानभाज्या. जुलैत बेडूक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळ-पठारांवरची, फुले आणि फुलपाखरे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते बऱ्याच गावांत लिंबाच्या झाडापाशी बघायला मिळते. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो: पहिला दिवस अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनाचा, शेवटचा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या. त्या आठवड्यात शाळाही कार्यक्रम शोधत असतात. जानेवारीत धरणांच्या फुगवट्यावर पट्टकादंब हंस उतरलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात आणि एकेका झाडावर दहा प्रकारचे पक्षी येतात. हा विषय तर झाडाखाली उभे राहूनच बोलावा.

२. वक्ता शोधा, आणि पदवीवर अडून बसू नका

जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे किंवा प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, वनपाल, वर्षानुवर्षे एकाच तळ्यावर पक्षी मोजणारा एखादा पक्षीमित्र, ही माणसे सहज मिळतात. त्यांच्याइतकाच हक्काचा वक्ता म्हणजे वाडीवरची एखादी आजी. रायगड-ठाण्याकडच्या कातकरी आणि ठाकर बायकांना रानभाज्यांची जी ओळख असते ती पुस्तकात सापडत नाही. शेवळाची भाजी घशाला खाजते, मग तिच्यात काकडाची फळे का घालायची, कोणता कोंब खुडायचा आणि कोणता सोडायचा, हे त्याच सांगू शकतात. त्यांना माईकपुढे एकटे उभे करू नका. टेबलावर भाज्या मांडा, शेजारी एकाने बसून गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारावेत. अशी संध्याकाळ भाषणापेक्षा सरस होते.

फोनवरच काही गोष्टी स्पष्ट करा. बोलणे चाळीस मिनिटांचे, मराठीत, आणि प्राण्या-पक्ष्यांची नावे इकडे रूढ असलेली. तांबट, धोबी, कोतवाल ही नावे ऐकली की लोक मान डोलावतात. फोटो मोजके. प्रवास कसा, जेवण कुठे, मुक्काम लागेल का, हेही विचारा. आणि मानधनाचा विषय तुम्ही काढा. समोरचा संकोचाने काढणार नाही. कार्यक्रम मोफत आहे तो श्रोत्यांसाठी. वक्त्याला निदान प्रवासखर्च आणि थोडेफार मानधन द्यायलाच हवे, आणि वाडीवरच्या आजींना प्राध्यापकांइतकेच.

३. जागा, दिवस, वेळ

पहिली पसंती वाचनालयाला. ग्रंथपालांना असे कार्यक्रम हवे असतात, भाडे नसते किंवा नाममात्र असते, आणि रोज पेपर वाचायला येणारे दहा-बारा जण आपोआप श्रोते होतात. शाळेचा हॉल दुसरा. मंगल कार्यालय घेऊ नका. पन्नास माणसे तिथे रिकामी रिकामी वाटतात आणि वक्त्याचा आवाज घुमतो.

पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात कार्यक्रम ठेवू नका. सर आली की माईकही ऐकू येत नाही. प्रोजेक्टर लावणार असाल तर अंधार हवा, आणि मेमध्ये सातच्या आधी अंधार पडत नाही. आठवडी बाजार, लग्नाची दाट तिथी, दहावी-बारावीच्या परीक्षा टाळा. दूधदुभत्याच्या गावात संध्याकाळी सहाला कोणी येणार नाही. धारा काढून, दूध डेअरीवर घालून, जेवून लोक आठला मोकळे होतात. ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर मनाई आहे, त्या हिशेबाने साडेआठला तरी सुरुवात झालीच पाहिजे.

गणेशोत्सवात मांडव, माईक आणि माणसे तिन्ही तयार असतात. मंडळाकडे एक संध्याकाळ मागून घ्या. कोकणात तर त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी असतात. देवराईत कोणती झाडे उरली आहेत, गावातली कोणती जमीन विकायला निघाली आहे, याच्याशी त्यांचा थेट संबंध असतो, आणि एरवी ते भेटत नाहीत.

शक्यतो दर महिन्याचा एक वार कायमचा धरा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार. तीन-चार महिन्यांत लोक स्वतःहून विचारू लागतात.

४. लोकांपर्यंत पोहोचा

व्याख्यानाला प्रश्नाचे नाव द्या. ‘सर्पसृष्टी: एक चिंतन’ वाचून कोणी उठून येत नाही, ‘मण्यार रात्री घरात का येते?’ वाचून येतात. पत्रकावर ‘प्रवेश मोफत, सर्वांसाठी खुला’ हे मोठ्या अक्षरांत असू द्या, नाहीतर अनेकांना वाटते की सभासदांपुरते आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवाच, पण डेअरीचा फळा, कृषी सेवा केंद्र, रिक्षा स्टँड, पिठाची गिरणी इथेही कागद लावा. आदल्या संध्याकाळी पंधरा-वीस घरी प्रत्यक्ष जाऊन सांगितले तर त्याचा उपयोग सगळ्या पत्रकांहून जास्त होतो.

५. त्या संध्याकाळी

एक तास आधी प्रोजेक्टर, केबल, वक्त्याचा पेनड्राइव्ह, ध्वनिफिती हे सगळे चालवून बघा. वीज जाण्याची शक्यता धरा आणि फोटोंशिवाय दहा मिनिटे बोलता येईल का, हे वक्त्याला आधीच विचारून ठेवा. मुलांना पुढे सतरंजीवर बसवा.

आता कठीण गोष्ट: सत्कार. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, हार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षांचे मनोगत यांत पाऊण तास जातो आणि वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा मुले पेंगलेली असतात. हे सगळे पाच मिनिटांत बसवा. एक पुस्तक किंवा देशी झाडाचे रोप पुरे. गावातल्या मान्यवरांना पहिल्या रांगेत आदराने बसवा, त्यांचे आभार माना, पण भाषण ठेवू नका. पहिल्या वेळी एखाददुसरे नाराज होतील. वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारा कार्यक्रम म्हणून नाव झाले की तेच कौतुक करतात.

६. काय दाखवायचे नाही

जिवंत साप आणू देऊ नका. गर्दी खेचायला काही सर्पमित्र तशी तयारी दाखवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली साप पकडून त्याचे खेळ करणे गुन्हा आहे, सापाचे हाल होतात, आणि साप हातात धरता येतो हाच धडा पोरे घरी नेतात. त्याऐवजी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे मोठे स्पष्ट फोटो दाखवा, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना दहा मिनिटे बोलायला बोलवा. दंश झाला तर कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. दंश झालेला हात किंवा पाय हलवू न देता तडक रुग्णालय. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस या चारही सापांच्या विषांवर चालते. मण्यारचा दंश अनेकदा दुखतही नाही आणि तो बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होतो, म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. एवढी माहिती पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी गेली तर जीव वाचतात.

दुसरे पथ्य ठिकाणांचे. मांडूळ, खवले मांजर, घुबड यांच्या मागे अंधश्रद्धा आणि तस्करी आहे. ‘आपल्या तालुक्यात खवले मांजर आहे’ इथपर्यंत ठीक. कोणत्या टेकडीवर, ते सभेत सांगायचे नाही. वक्त्याच्या फोटोतून जागा ओळखू येत नाही ना, हे आधी बघा. घरट्यातल्या पिल्लांचे जवळून काढलेले फोटोही गाळायला सांगा, कारण ते बघून दहा जण मोबाईल घेऊन घरट्यापाशी जातात.

७. प्रश्नोत्तरांना निम्मा वेळ ठेवा

पहिला प्रश्न मुलाचा घ्या. बायका सगळ्यांसमोर बोलायला संकोचत असतील तर आधीच चिठ्ठ्या वाटा. प्रश्नाच्या नावाखाली भाषण सुरू झाले तर संयोजकाने नम्रपणे ‘तुमचा प्रश्न काय, दादा?’ असे विचारावे.

एक प्रश्न हमखास येणार, आणि तो रागाने येणार. रानडुकरांनी भात लोळवला, माकडांनी नारळ पाडले, बिबट्याने शेळी नेली. तुम्ही निसर्गवाले त्याचे काय करता? हा प्रश्न टाळू नका. ज्याची वर्षाची मेहनत एका रात्रीत गेली त्याला परिसंस्थेचे महत्त्व ऐकवणे क्रूरपणाचे आहे. त्याला पूर्ण बोलू द्या. नुकसानभरपाईसाठी वनविभागाला लगेच कळवावे लागते, पंचनामा होतो, कागद लागतात. हे समजावून सांगायला त्या भागातल्या वनरक्षकाला आवर्जून बोलावून ठेवा आणि त्या शेतकऱ्याशी त्याची तिथेच गाठ घालून द्या. आम्हाला वाटते, गावात संवर्धनाचे काम टिकते ते या अर्ध्या तासामुळे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, ती गावकऱ्यांना सोबत घेऊन. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होतो आणि पाहुणे गावातल्याच घरांत राहतात. कासव आणि गाव यांचा हिशेब एकत्र मांडला म्हणून ते जमले.

लोक उठण्याआधी पुढच्या व्याख्यानाची तारीख आणि विषय सांगा.

८. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी

व्याख्यानात ऐकलेले डोळ्यांनी बघायला मिळाले पाहिजे. म्हणून लगेच दुसऱ्या सकाळी, उजाडताना, दोन तासांची फेरी ठेवा. वीसपेक्षा जास्त माणसे नेऊ नका. खासगी शेतातून जायचे असेल तर मालकाला आदल्या दिवशी विचारा. राखीव जंगल असेल तर वनविभागाची परवानगी घ्या. पक्ष्यांना बोलवायला मोबाईलवर त्यांचे आवाज वाजवू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही.

फेरीत दिसलेले सगळे तारीख आणि जागेसह वहीत उतरवा, पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची गणना होते, तिच्यात नवख्यांनाही भाग घेता येतो. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. कित्येक गावांत ती एकदा भरून कपाटात ठेवलेली असते. ती बघायला मागा आणि तुमच्या नोंदींची प्रत समितीला द्या. आणि पहाटे उठून फेरीला आलेल्यांपैकी दोघांना तिथेच विचारा, पुढच्या महिन्याची पत्रके तुम्ही वाटाल का?